सरळ रेषेवरचा अज्ञात कोन: वजाबाकीच्या आधी काय पाहावे?

गणिताच्या वहीत एक आडवी रेषा काढलेली असते, तिच्यावरच्या एका बिंदूतून एक तिरपी रेघ वर गेलेली असते, त्या रेघेच्या उजव्या अंगाला ४७° असे लिहिलेले असते आणि डाव्या अंगाला नुसतेच 'क्ष'. क्षची किंमत काढायची असते. शाळा सोडून तीस वर्षे झालेल्या माणसालाही '१८० मधून वजा करायचे' एवढे हटकून आठवते, आणि १८० − ४७ = १३३ हे उत्तर बरोबरही येते. अडचण पुढे सुरू होते. आकृतीत आणखी एक रेघ आली, कोन रेषेच्या खालच्या अंगालाही काढलेले असले किंवा अंशांच्या जागी '३क्ष + १०' असे काही दिसले, की लक्षात राहिलेले ते एक वाक्य पुरेनासे होते. १८० मधून वजा करायचे हे माहीत असले, तरी काय वजा करायचे आणि का, हे त्या वाक्यात नसते.

एका मुलीच्या वहीत पाहिलेले एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. आडव्या रेषेवरच्या बिंदूतून एक किरण वर उजवीकडे गेला होता आणि त्याने रेषेच्या उजव्या भागाशी ६५° चा कोन केला होता. दुसरा किरण त्याच बिंदूतून खाली उजवीकडे गेला होता आणि त्याचा त्याच उजव्या भागाशी ४०° चा कोन होता. वरच्या अंगाचा डावीकडचा कोन विचारला होता. तिने ६५ आणि ४० यांची बेरीज केली, ती १८० मधून वजा केली आणि ७५° लिहिले. वजाबाकी अचूक होती, मांडणी नेटकी होती आणि उत्तर चुकले होते. बरोबर उत्तर ११५° आहे. आपण कुठे चुकलो हे तिला स्वतःला दिसावे, यासाठी 'नियम नीट पाठ कर' असे सांगून काहीच साधले नसते. कोन म्हणजे काय, इथपासूनच सुरुवात करणे भाग होते, आणि म्हणून हा लेखही तिथूनच सुरू होतो.

कोन म्हणजे वळण

एकाच बिंदूतून निघालेल्या दोन किरणांमुळे कोन तयार होतो. त्या बिंदूला कोनाचा शिरोबिंदू म्हणतात आणि त्या किरणांना कोनाच्या भुजा. ही व्याख्या बरोबर आहे, पण कोनाचे माप म्हणजे नेमके कशाचे माप हे तिच्यातून कळत नाही, म्हणून भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला असे बऱ्याच मुलांना वाटते. कोनाचे माप हे वळणाचे माप आहे. एका भुजेवरून निघून दुसऱ्या भुजेपर्यंत पोहोचायला जेवढे वळावे लागते, तेवढा तो कोन. भुजा बोटभर काढल्या काय किंवा हातभर काढल्या काय, वळणात फरक पडत नाही.

घड्याळातला मिनिटकाटा हा याचा सर्वांत सोयीचा नमुना आहे. तो १२ वरून निघून पुन्हा १२ वर येतो तेव्हा त्याचे एक पूर्ण वळण होते, आणि पूर्ण वळणाचे ३६० सारखे भाग केले तर त्यांतल्या एका भागाला एक अंश म्हणतात. काटा साठ मिनिटांत ३६० अंश फिरतो, म्हणजे एका मिनिटाला ६ अंश. तो १२ वरून ३ वर आला की ९०° वळतो आणि ६ वर आला की १८०° वळतो. आता १२ चा आकडा, तबकडीचा मध्य आणि ६ चा आकडा यांच्यावर पट्टी ठेवून पाहिले, तर तिन्ही एका सरळ रेषेत दिसतात. सरळ रेषेवरच्या कोणत्याही बिंदूपाशी उभे राहून रेषेच्या एका दिशेकडून नेमक्या उलट दिशेकडे तोंड करायचे असेल, तर बरोबर अर्धे वळण घ्यावे लागते. या अर्ध्या वळणालाच सरळ कोन म्हणतात.

समजा, काटा ६ वर पोहोचण्याआधी ४ वर पाहिला. तोवर वीस मिनिटे झाली, म्हणजे १२०° वळण झाले, आणि ६ पर्यंत अजून दहा मिनिटे, म्हणजे ६०° वळण उरले. अर्ध्या तासातली वीस मिनिटे गेली तर दहा उरतात हे सांगायला कोणालाही नियम पाठ करावा लागत नाही. सरळ रेषेवरचा अज्ञात कोन काढणे म्हणजे नेमके हेच: एकूण वळण ठरलेले आहे, त्याचा काही भाग माहीत आहे आणि उरलेला भाग हवा आहे.

इथे दोन संज्ञा एकदाच सांगून ठेवतो. ज्या दोन कोनांची एक भुजा सामाईक असते आणि उरलेल्या दोन भुजा मिळून सरळ रेषा होते, त्यांना रेषीय जोडीतील कोन म्हणतात. ज्या कोणत्याही दोन कोनांच्या मापांची बेरीज १८०° होते, त्यांना पूरक कोन म्हणतात. पूरक कोन दोन वेगवेगळ्या पानांवरही असू शकतात, कारण तिथे फक्त मापांचा हिशेब आहे. रेषीय जोडीतले कोन मात्र एकाच बिंदूपाशी, एकमेकांना लागूनच असावे लागतात.

१८० हाच आकडा का?

हा प्रश्न मुले विचारतात तेव्हा त्यांना बहुधा गप्प केले जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. १८० हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे. अर्धे वळण मात्र कोणी ठरवलेले नाही. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची पद्धत प्राचीन बॅबिलोनी गणिताच्या साठाच्या पटीतल्या मोजणीशी जोडलेली आहे, आणि तिथून ती ग्रीक खगोलशास्त्रज्ञांकडे आली. या आकड्याची एक मोठी सोय अशी, की ३६० ला २४ संख्यांनी आणि १८० ला १८ संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा असे भाग करताना अपूर्णांक आडवे येत नाहीत.

याच वळणाला दुसरी नावेही देता येतात. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करणारे 'ग्रेडियन' नावाचे एकक आहे आणि त्यात सरळ कोन २०० चा होतो. वरच्या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या 'रेडियन' या एककात तोच कोन 'पाय' (π) एवढा, म्हणजे सुमारे ३.१४ इतका भरतो. आकडा बदलला तरी रेषा तीच राहते आणि अर्धे वळणही तेच राहते.

याहून बोलका दाखला युक्लिडचा आहे. इ. स. पू. ३०० च्या सुमारास त्याने रचलेल्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथात अंश कुठेच नाहीत. पहिल्या भागातल्या तेराव्या विधानात तो म्हणतो, की एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी केली तर होणारे दोन कोन एकतर दोन काटकोन असतात किंवा त्यांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते. त्याची सिद्धता मला फार आवडते, कारण ती दोन ओळींत सांगता येते. रेघ सरळ उभी असेल तर दोन्ही कोन काटकोनच आहेत. ती कलती असेल, तर त्याच बिंदूतून एक लंब उभा करावा. मग कलत्या रेघेने एका बाजूच्या काटकोनातून जेवढे घेतले, तेवढेच दुसऱ्या बाजूच्या काटकोनाला दिलेले दिसते. आपल्या पहिल्या उदाहरणात ४७ म्हणजे ९० वजा ४३ आणि १३३ म्हणजे ९० अधिक ४३. एकीकडून काढलेले ४३ अंश दुसरीकडे जमा झाले, म्हणून बेरीज हलली नाही. तिरपी रेघ कितीही कलती करा, हा देवाणघेवाणीचा हिशेब बिघडत नाही.

वजाबाकी कधी लागू होते?

आता त्या मुलीच्या उदाहरणाकडे परत येऊ. मिनिटकाट्याच्या भाषेत बोलायचे, तर तिने १२ ते ६ या प्रवासात मोडणारे एक वळण घेतले आणि दुसरे वळण ६ च्या पलीकडच्या प्रवासातले घेतले. ६५° चा कोन रेषेच्या वर होता आणि ४०° चा कोन रेषेच्या खाली. वरचे अर्धे वळण १८०° चे आहे आणि खालचे अर्धे वळणही १८०° चे आहे, पण ही दोन खाती वेगळी आहेत. वरच्या खात्यात ६५° आणि क्ष एवढेच दोन कोन आहेत, म्हणून क्ष = ११५°. खालच्या खात्यात ४०° आहे, म्हणून तिथला उरलेला कोन १४०° चा आहे. चारही कोनांची बेरीज ६५ + ११५ + १४० + ४० = ३६० होते, म्हणजे बिंदूभोवतीचे पूर्ण वळण भरते.

मी तिला एवढेच करायला सांगितले, की रेषेच्या उजव्या भागावर बोट ठेव आणि ते रेषेच्या वरूनच, न उचलता, डाव्या भागापर्यंत फिरव. बोट ज्या कोनांवरून गेले तेवढेच कोन बेरजेत घ्यायचे. तिचे बोट ६५° वरून गेले, मग क्षवरून गेले आणि थांबले. ४०° त्याच्या वाटेत आलेच नाहीत. मग तिने आधीचे उत्तर स्वतःच खोडले.

बोट फिरवण्याच्या या कृतीत सगळ्या अटी आपोआप सांभाळल्या जातात. बोट एकाच बिंदूभोवती फिरते, म्हणून सर्व कोनांचा शिरोबिंदू एकच असतो. रेषेवरच्या दोन निरनिराळ्या बिंदूंपाशी काढलेले कोन चुकून एकत्र होत नाहीत. बोट एकाच अंगाने फिरते, म्हणून वरचे आणि खालचे कोन मिसळत नाहीत. ते उचलायचे नाही, म्हणून मधली जागा सुटत नाही, आणि मागे फिरवायचे नाही, म्हणून एकच जागा दोनदा मोजली जात नाही. शेवटची चूक विशेष फसवी असते. आकृतीत कधीकधी एका मोठ्या कोनाचे माप एका लांब कंसाने दाखवलेले असते आणि त्याच्या पोटात एका लहान कोनाचे मापही वेगळे दिलेले असते. समजा, उजव्या भागापासून मोजलेला मोठा कोन ११०° चा आहे आणि त्याच्याच आतला एक भाग ३०° चा आहे. डावीकडचा कोन हवा असेल, तर १८० मधून ११० च वजा करायचे. ३० हे ११० मध्ये आधीच धरलेले आहेत.

एक अट मात्र बोटाला कळत नाही, ती म्हणजे ज्या रेषेवर आपण उभे आहोत ती खरोखर सरळ असली पाहिजे. आकृतीत सरळ दिसणारी रेषा सरळच आहे असे धरून चालू नये. प्रश्नात 'अ, ब, क हे बिंदू एका रेषेत आहेत' असे सांगितलेले असते, किंवा 'रेषा अक' असा उल्लेख असतो, आणि हे शब्दच १८०° चा आधार असतात. ते नसतील तर वजाबाकीलाही आधार नाही.

कोनमापकाने मोजले तर हे सगळे कशाला?

हा आक्षेप रास्त वाटतो. पण पाठ्यपुस्तकातल्या आणि परीक्षेतल्या आकृत्या बहुधा मापात काढलेल्या नसतात. १३३° चा कोन कागदावर १२० चा वाटेल असा काढलेला असू शकतो, कारण त्या आकृतीचे काम कोणता कोन कोणाच्या शेजारी आहे एवढेच सांगण्याचे असते. दुसरे असे, की मोजमापात नेहमीच थोडी तूट येते. शाळेतल्या कोनमापकावर अर्धा-एक अंश इकडेतिकडे होणे अगदी साधे आहे, तर नात्यावरून काढलेले उत्तर नेमके असते.

तरीही कोनमापक बाजूला ठेवू नये, कारण ज्या नियमाबद्दल आपण बोलत आहोत तो त्याच्यावरच छापलेला असतो. अर्धवर्तुळाकार कोनमापक हातात घेऊन त्याच्या कडेवरचे आकडे पाहावेत. बहुतेक कोनमापकांवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक डावीकडून ० ने सुरू होते आणि दुसरी उजवीकडून. कोणत्याही एका खुणेपाशी थांबून दोन्ही आकडे वाचावेत. एका खुणेवर ४० आणि १४० दिसतात, दुसरीवर ७५ आणि १०५, आणि अगदी वरच्या खुणेवर ९० आणि ९०. बेरीज दर वेळी १८० च येते. कोनमापकाची तळरेषा ही आपली सरळ रेषा आहे, मध्यबिंदू हा शिरोबिंदू आहे आणि प्रत्येक खूण म्हणजे त्या बिंदूतून निघालेला एक किरण आहे, म्हणून प्रत्येक खुणेवर एक रेषीय जोडी लिहिलेली आहे.

कोन मोजताना सर्वांत जास्त होणारी चूकही इथूनच समजते. चुकीची ओळ वाचली तर ४० च्या जागी १४० येतात, म्हणजे आपण शेजारचा कोन वाचलेला असतो. कोन काटकोनापेक्षा लहान दिसतो की मोठा, हे आकड्याकडे बघण्याआधी ठरवले तर ही चूक होत नाही.

'क्ष' आला की काय करायचे?

माहीत नसलेल्या मापाला दिलेले तात्पुरते नाव म्हणजे क्ष. एकच कोन अज्ञात असेल तर त्याची गरजही पडत नाही. रेषेच्या एका अंगाला ३५°, क्ष आणि ६२° असे तीन कोन असतील, तर ३५ आणि ६२ मिळून ९७ झाले आणि उरलेले ८३° क्षचे झाले. कोन दोन असोत की सात, रीत हीच.

दोन किंवा अधिक कोन अज्ञात असतात आणि त्यांचे आपापसातले नाते तेवढे माहीत असते, तेव्हा मात्र क्षशिवाय चालत नाही. समजा, तीन कोन क्ष, २क्ष आणि ३क्ष असे दिले आहेत. याचा अर्थ अर्ध्या वळणाचे सहा सारखे वाटे केले आणि ते एक, दोन आणि तीन असे वाटून टाकले. एक वाटा ३०° चा, म्हणून कोन ३०°, ६०° आणि ९०°. समीकरण मांडले तरी हेच होते: ६क्ष = १८०.

आता थोडे अवघड उदाहरण घेऊ. रेषीय जोडीतले कोन (३क्ष + १०)° आणि (२क्ष − ५)° असे आहेत. बेरीज १८० असल्यामुळे ५क्ष + ५ = १८०, म्हणजे ५क्ष = १७५ आणि क्ष = ३५. इथे पेन खाली ठेवणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. प्रश्नात कोनांची मापे विचारली असतील, तर ३५ हे उत्तर नव्हे. ते उत्तराकडे जाण्याचे साधन आहे. पहिला कोन ३ × ३५ + १० = ११५° आणि दुसरा २ × ३५ − ५ = ६५°. दोन्हींची बेरीज १८० आली, म्हणजे हिशेब जुळला. हा ताळा करायला काही सेकंद लागतात आणि तो करण्याची सवय लागली, की उत्तर बरोबर आहे का हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

एक शंका हमखास येते: क्ष ऋण आला तर उत्तर चुकले असे समजायचे का? तसे नाही. कोन (क्ष + १००)° आणि (२क्ष + ११०)° असे असतील तर ३क्ष + २१० = १८०, म्हणून क्ष = −१०. ही किंमत ठेवून पाहिली, तर दोन्ही कोन ९०° चे येतात आणि त्यात काहीच वावगे नाही. ऋण असून चालत नाही ते कोनाचे माप. क्ष हा स्वतः कोन नसेल, तर त्याने ऋण असायला हरकत नाही. म्हणून परीक्षा क्षची घ्यायची नाही, कोनांची घ्यायची.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा

कात्री उघडली की तिच्या पात्यांमधला कोन आणि मुठींमधला कोन सारखाच वाढतो. दोन सरळ रेषा एकमेकींना छेदल्या तर चार कोन होतात, आणि समोरासमोरचे कोन, म्हणजे विरुद्ध कोन, समान असतात. हा वेगळा नियम म्हणून शिकवला जातो, पण तो आपल्या अर्ध्या वळणातूनच निघतो. एक कोन ७५° चा असेल, तर त्याच्या शेजारचा कोन १०५° चा, कारण ती रेषीय जोडी आहे. त्या १०५° च्या पलीकडचा कोन पुन्हा ७५° चा, कारण तीही रेषीय जोडी आहे, फक्त दुसऱ्या रेषेवरची. दोघांचाही जोडीदार एकच असल्यामुळे दोघे समान आहेत. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस या शोधाचे श्रेय युक्लिडच्याही आधीच्या थेलीसला देतो. युक्लिडने त्याची सिद्धता पंधराव्या विधानात, म्हणजे तेराव्याच्या नंतर लगेचच दिली आहे, आणि ती तेराव्यावरच उभी आहे.

या नात्याचा उपयोग करताना कुठे बेरीज करायची आणि कुठे समान लिहायचे, यात गोंधळ होतो. विरुद्ध कोन (४क्ष − ७)° आणि (३क्ष + २१)° असतील, तर ते एकमेकांबरोबर लिहायचे: ४क्ष − ७ = ३क्ष + २१, म्हणून क्ष = २८ आणि दोन्ही कोन १०५° चे. हेच कोन शेजारी शेजारी असते तर बेरीज १८० लिहावी लागली असती आणि उत्तर निराळे आले असते. शेजारी की समोर, हे आधी ठरवावे आणि मगच समीकरण लिहावे.

उलट दिशेने: रेषा सरळ आहे का?

आतापर्यंत रेषा सरळ आहे हे धरून आपण कोन काढले. कोन माहीत असतील तर रेषा सरळ आहे की नाही, हेही ठरवता येते. दोन शेजारच्या कोनांची बेरीज १८०° असेल, तर त्यांच्या बाहेरच्या दोन भुजा एकाच सरळ रेषेत असतात. युक्लिडचे चौदावे विधान हेच सांगते. ही बाजू वर्गात झटपट उरकली जाते, पण प्रत्यक्ष कामात तीच जास्त लागते.

समजा, मोजलेले दोन कोन ११८° आणि ६१° आले. बेरीज १७९ झाली, म्हणजे एकतर मोजण्यात अंशाची चूक आहे किंवा रेषा तेवढी मोडलेली आहे. कागदावर एक अंश डोळ्यांना दिसतही नाही, पण एक अंशाने वाकलेली रेषा एक मीटर पुढे जाईपर्यंत सुमारे पावणेदोन सेंटिमीटर बाजूला सरकते आणि शंभर मीटरवर ती चूक सुमारे पावणेदोन मीटरची होते. भिंत, रस्ता किंवा रूळ सरळ रेषेत आखणाऱ्यांना म्हणूनच 'जवळजवळ १८०' म्हणून भागत नाही.

एक घडी घालून पाहण्यासारखी

हा भाग वाचण्याऐवजी करून पाहिला तर बरे. एका कागदाची सरळ कड घ्या, तिच्यावर मध्ये कुठेही एक बिंदू काढा आणि त्या बिंदूतून कागदाच्या आत हवी तशी तिरपी रेघ ओढा. आता कडेचा डावा भाग त्या रेघेवर नेमका बसेल असा कागद दुमडा, घडी बोटाने नीट दाबा आणि उलगडा. मग उजवा भागही तसाच त्याच रेघेवर आणून दुमडा आणि उलगडा. कागदावर त्या बिंदूतून निघालेल्या दोन घड्या दिसतील आणि त्यांच्यामध्ये नेहमी काटकोन असेल. तिरपी रेघ किती कलती ओढली याचा त्यावर काहीही परिणाम होत नाही.

असे होते, कारण प्रत्येक घडीने एका कोनाचे दोन सारखे भाग केले. ४७° चे अर्धे साडेतेवीस आणि १३३° चे अर्धे साडेसहासष्ट, दोन्ही मिळून ९०. संपूर्णाची बेरीज १८० ठरलेली असेल, तर अर्ध्यांची बेरीज ९० च राहणार. पट्टी, कोनमापक किंवा कंपास यांच्यापैकी काहीही न वापरता काटकोन हातात येतो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते.

हे पुढे कुठे लागते?

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते हे सर्वांना ठाऊक आहे, पण तिथला १८० आणि इथला १८० एकच आहेत हे फार थोड्यांना सांगितलेले असते. त्रिकोणाच्या वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, की पायाजवळचे दोन कोन त्या रेषेवर, वरच्या कोनाच्या डाव्या-उजव्या अंगाला येऊन बसतात, कारण समांतर रेषांमधले व्युत्क्रम कोन, म्हणजे छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध अंगांचे आतले कोन, समान असतात. तिन्ही कोन एका बिंदूपाशी, एका अंगाला, लागून बसले की त्यांचे अर्धे वळण भरते. बाह्यकोनाचेही तसेच आहे. त्रिकोणाचे दोन कोन ५०° आणि ६०° असतील, तर तिसरा ७०° चा आणि तिसऱ्याची बाजू पुढे वाढवली की बाहेर होणारा कोन ११०° चा. हे ११० म्हणजे ५० आणि ६० यांचीच बेरीज आहे, कारण ७० बरोबर १८० पूर्ण करण्याचे काम आत ते दोघे मिळून करतात आणि बाहेर हा एकटा करतो.

सपाट आरशावर पडणाऱ्या प्रकाशकिरणाचा हिशेबही हाच आहे. किरण आरशाच्या पृष्ठभागाशी ३५° चा कोन करून आला, तर तो तेवढ्याच कोनातून परत जातो, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या किरणांमधला कोन १८० − ३५ − ३५, म्हणजे ११०° उरतो.

संगणकावर आकृत्या काढायला शिकणाऱ्या मुलांना हा नियम फार वेगळ्या वाटेने भेटतो. १९६७ मध्ये तयार झालेल्या 'लोगो' या संगणकभाषेत पडद्यावरच्या एका कासवाला 'पुढे जा' आणि 'वळ' अशा आज्ञा देऊन आकृती काढून घेता येते. समभुज त्रिकोणाचा कोन ६०° चा, म्हणून मुले 'पुढे जा, ६० अंश वळ' असे तीनदा सांगतात. त्रिकोण होत नाही. षटकोनाच्या तीन बाजू तयार होतात आणि कासव भलतीकडेच तोंड करून उभे राहते. याचे कारण असे, की कासव वळण्याआधी आपल्या चालीच्या रेषेत पुढेच पाहत असते, आणि त्या रेषेपासून नव्या बाजूपर्यंतचे वळण हे आतल्या कोनाचे रेषीय जोडीदार असते: १८० − ६० = १२०. आज्ञेत १२० लिहिले की त्रिकोण बंद होतो. नियमित पंचकोनासाठी ७२ अंश वळायला सांगावे लागते, कारण पाच वळणांत कासवाला एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश, पुरे करायचे असतात. आतला कोन मग १८० − ७२, म्हणजे १०८° चा निघतो.

गोल पृष्ठभागावर काय होते?

शेवटचा आक्षेप जाणत्या वाचकाचा असतो. पृथ्वी गोल आहे, मग तिच्यावर हे टिकते का? गोलावर 'सरळ' चालणे म्हणजे विषुववृत्तासारख्या किंवा रेखावृत्तासारख्या मोठ्यात मोठ्या वर्तुळावरून, डावीकडे किंवा उजवीकडे न वळता चालणे. उत्तर ध्रुवावरून एका रेखावृत्ताने विषुववृत्तापर्यंत खाली यावे, विषुववृत्तावरून पृथ्वीच्या परिघाच्या चौथ्या भागाइतके जावे आणि तिथल्या रेखावृत्ताने परत ध्रुवावर जावे. या त्रिकोणाचे तिन्ही कोन ९०° चे आहेत आणि त्यांची बेरीज २७०° होते. समांतर रेषांवर आधारलेला त्रिकोणाचा नियम इथे मोडतो, आणि बाह्यकोन आतल्या दूरच्या दोन कोनांच्या बेरजेएवढा असतो हेही इथे खरे राहत नाही, कारण ती बेरीज १८०° आहे. पण या त्रिकोणाच्या कोणत्याही कोपऱ्यावर उभे राहून एक बाजू सरळ पुढे वाढवली आणि बोट आतल्या कोनावरून बाहेरच्या कोनावर फिरवले, तर ९० आणि ९० मिळून १८० च भरतात.